दुर्गम वस्तीसाठी हायब्रीड वीज: सोलार, वारा, पाणी एकत्र जोडताना सतत येणारे प्रश्न

जिथे ग्रिडची लाइन पोचलेली नाही किंवा पोचूनही वर्षातले निम्मे दिवस मेलेली असते अशा वस्त्यांसाठी हे पान आहे. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून नंबर घालून ठेवलेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. हायब्रीड सिस्टीम म्हणजे नक्की काय? इन्व्हर्टर-बॅटरी लावली की झालं ना हायब्रीड?

दुकानात "हायब्रीड इन्व्हर्टर" म्हणून जे विकतात ते वेगळं, त्यात फक्त सोलार, बॅटरी आणि ग्रिड एका डब्यात असतात. इथे हायब्रीड म्हणजे दोन किंवा जास्त वेगवेगळे सोर्स, उदा. ऊन आणि ओढा, किंवा ऊन, वारा आणि बायोगॅस, एकाच वस्तीच्या लाइनवर. मुद्दा असा की दोन्ही एकाच वेळी झोपू नयेत. ढगाळ पावसाळी महिन्यात पॅनल रडतात पण ओढा भरून वाहतो आणि बऱ्याच ठिकाणी वाराही तेव्हाच जोरात असतो, कडक उन्हाळ्यात बरोबर उलटं. ही उलटसुलट जोडी तुमच्याकडे नसेल तर हायब्रीडचा फारसा उपयोग नाही, नुसती गुंतागुंत वाढते.

२. मग नुसते पॅनल दुप्पट लावले तर? सोपं नाही का?

खूपदा हेच बरोबर असतं, आणि हे विकणारे सांगत नाहीत. पॅनलमध्ये फिरणारा एकही भाग नाही, पुसायला फडकं आणि पाणी पुरतं. १०-१५ घरांची वस्ती असेल, लोड दिवे, मोबाइल, टीव्ही, पंखा इतकाच, आणि सगळ्यात वाईट महिन्यातही बऱ्यापैकी ऊन मिळत असेल तर दुसरा सोर्स विसरा. पण सलग दोन-तीन महिने ढग असतील तर हिशोब फिरतो, तो आकड्यांत पुढच्या प्रश्नात आहे.

३. सुरुवात कुठून करायची? आम्ही आधी पॅनलचं कोटेशन मागवलंय.

कोटेशन बाजूला ठेवा. आधी वही घ्या आणि लोड लिहा: कोणतं उपकरण, किती वॅट, किती तास, आणि दिवसा की रात्री. हा शेवटचा कॉलम लोक गाळतात आणि बॅटरीचा सगळा हिशोब त्याच्यावरच असतो. दुसरी गोष्ट, वर्षाची सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट महिना शोधा. सिस्टीम त्या महिन्यासाठी बनते, बाकीचे अकरा महिने फुकट निघून जातात.

एक उदाहरण घेऊ, पुढेही हेच वापरणार आहे. ४० घरं, प्रत्येकी दिवसाला १ युनिट, म्हणजे ४०. शाळा, दवाखान्यातला लसीचा फ्रिज, पाण्याचा पंप आणि एक छोटी गिरणी मिळून २०. एकूण ६० युनिट, लाइन, इन्व्हर्टर, बॅटरी यांत जाणारं धरून रोज ८० युनिट तयार व्हायला पाहिजेत. ढगाळ महिन्यात १ किलोवॅट पॅनल दिवसाला धरा २.५ युनिट देतंय, तर ३२ किलोवॅट पॅनल लागतील. तेच पॅनल चांगल्या महिन्यात किलोवॅटला ५ च्या हिशोबाने १६० युनिट बनवतील आणि अर्धी वीज वाया.

आता शेजारी एक ओढा आहे आणि पावसाळ्यात त्यावर ३ किलोवॅटची टर्बाइन पूर्ण चालते असं समजा. ३ किलोवॅट ऐकायला किरकोळ वाटतं पण ती २४ तास चालते, ७२ युनिट. सोबत फक्त १५ किलोवॅट पॅनल ठेवले तर ढगाळ महिन्यात ७२ आणि ३७, झाले १०९. उन्हाळ्यात ओढा चौथाईवर आला तरी १८ आणि ७५, झाले ९३. पॅनल निम्म्याहून कमी आणि बॅटरीही लहान, कारण पावसाळ्यात रात्रीही पाणी वाहतंच. बॅटरीचं प्रश्न ७ मध्ये.

४. आमच्या टेकडीवर भरपूर वारा असतो. पवनचक्की लावू का?

"भरपूर" हा शब्द कितीतरी पवनचक्क्यांना घेऊन बुडालाय. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर वीज आठपट, आणि वेग निम्मा तर वीज एक अष्टमांश. ५ मीटर व्यासाची चक्की साधारण ५ किलोवॅटची म्हणून विकली जाते, पण तो आकडा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा आहे, ज्यात तुम्हाला छत्री उघडी धरणं कठीण जाईल. ५ मीटरच्या वाऱ्यात तीच चक्की साधारण ४५० वॅट देते, ३ मीटरला शंभराच्या आत. अंगाला छान लागणारी झुळूक चक्कीच्या काही कामाची नाही.

म्हणून आधी मोजा. एक मास्ट (उंच खांब), त्यावर वेगमापक आणि आकडे नोंदवत राहणारा डेटा लॉगर, ज्या उंचीवर चक्की बसणार त्याच उंचीवर, निदान एक वर्ष. ग्लोबल विंड अ‍ॅटलास हा वाऱ्याचा ऑनलाइन नकाशा फुकट आहे पण डोंगराळ भागात त्याला तुमची घळ आणि तुमची झाडं दिसत नाहीत, त्यामुळे तो "इथे मोजायला हरकत नाही" एवढ्यापुरताच घ्या. जागेचा नियम: पाती आजूबाजूच्या १५० मीटरमधल्या सगळ्यात उंच झाडा-घराच्या किमान १० मीटर वर. घराच्या छतावर चक्की लावायची कल्पना सोडून द्या, तिथला वारा गिरक्या घेतो आणि घर रात्रभर गुरगुरतं.

५. ओढ्यावर किती वीज मिळेल हे घरच्या घरी कसं काढायचं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण यात खरंच घरच्या घरी उत्तर निघतं. दोन आकडे लागतात, पाणी किती आणि पडतं किती उंचीवरून.

पाणी मोजायला प्रवाह एका पाइपातून किंवा पत्र्याच्या पन्हाळातून वळवा, खाली २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. १० सेकंदात भरला तर सेकंदाला २० लिटर. उंचीसाठी वरून खालपर्यंत नळी टाका, पाण्याने पूर्ण भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि खालच्या टोकाला प्रेशर गेज लावा. १ बार म्हणजे साधारण १० मीटर, ३ बार दाखवले तर ३० मीटर. आता लिटर गुणिले मीटर गुणिले ५, हे झाले वॅट. २० गुणिले ३० गुणिले ५, बरोबर ३००० वॅट. पुस्तकात ५ च्या जागी ९.८१ असतं, पण छोट्या टर्बाइन, जनरेटर आणि पाइपातलं घर्षण धरून हातात निम्मंच येतं.

मोजणी कोरड्या महिन्यात करा. पावसाळ्यात मोजून आनंदाने टर्बाइन घेतलेले लोक मी पाहिलेत, उन्हाळ्यात ती धूळ खात असते. आणि सगळं पाणी वळवू नका, खाली मासे आहेत, गुरं आहेत आणि दुसरी वस्ती पण आहे.

६. शेण, लाकूडफाटा भरपूर आहे. बायोगॅसवर जनरेटर चालेल का?

चालतो, आणि त्याचा मोठा गुण हा की तो हवा तेव्हा चालतो, ऊन-वाऱ्यासारखा त्याच्या मर्जीने नाही. संध्याकाळचे चार तास त्याच्यावर काढले तर बॅटरीचा जीव वाचतो. साधारण २५ किलो शेणाला १ घनमीटर गॅस आणि त्याला छोट्या इंजिनात दीडेक युनिट वीज. मोठं जनावर दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देतं, म्हणजे १५ युनिटला २५ जनावरं, आणि ती गोठ्यात बांधलेली पाहिजेत, दिवसभर रानात चरणाऱ्यांचं शेण रानातच राहतं. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो, लोखंडाच्या किसाचा फिल्टर लावा आणि ऑइल लवकर बदला. थंडीत गॅस कमी होतो, पारा १५ अंशांच्या खाली गेला की फारच.

लाकडाचा गॅसिफायर (लाकडापासून जळणारा गॅस काढणारी भट्टी) युनिटला सव्वा ते दीड किलो कोरडं लाकूड घेतो. "कोरडं" हा शब्द महत्त्वाचा, ओलं घातलं की डांबर तयार होतं आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटतात. रोज साफ करणारा माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

७. बॅटरी कुठली आणि किती?

आधी कुठली. लेड-अ‍ॅसिड (ट्युब्युलर) स्वस्त, कुठेही मिळते, पण रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की लवकर बसते, डिस्टिल वॉटर घालावं लागतं, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट ८०-९० टक्के वापरता येते, हजारो सायकल (भरणं-रिकामं होणं) टिकते, पाण्याची कटकट नाही. पण आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बिघडलं तर ते तुमच्या वायरमनच्या हातचं काम राहत नाही, आणि ० अंशाखाली ती चार्ज करायची नसते, बर्फाच्या भागात खोली उबदार ठेवायची सोय लागते.

आता किती. प्रश्न ३ ची वस्ती घ्या. नुसतं सोलार असेल तर दोन ढगाळ दिवस काढायला १२० युनिट, लिथियमच्या ८० टक्क्यांनी भागून १५० ची बँक. ओढा सोबतीला असेल तर फक्त एका रात्रीचे ४० युनिट, म्हणजे ५० ची बँक. हा फरक बघा आणि मग ठरवा टर्बाइन महाग की बॅटरी.

जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र जोडू नका. हे दर महिन्याला कोणीतरी विचारतं आणि दर महिन्याला उत्तर नाही असंच आहे, जुनी नवीला पण खाली ओढते.

८. तीन वेगवेगळ्या मशिन्स एकाच लाइनवर भांडत नाहीत का?

भांडतात, कोणीतरी एक मालक नसेल तर. एसी लाइनवर एकाने व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरवायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचं. बहुतेक ठिकाणी मालक म्हणजे बॅटरीचा इन्व्हर्टर, त्याला ग्रिड-फॉर्मिंग म्हणतात.

जोडायचे दोन रस्ते. डीसी कपलिंग, म्हणजे सोलार आणि चक्की आपापल्या चार्ज कंट्रोलरमधून थेट बॅटरीवर, पुढे एक इन्व्हर्टर. छोट्या, एकाच जागी असलेल्या सिस्टीमला हे बरं. एसी कपलिंग, म्हणजे प्रत्येक सोर्स स्वतःच्या इन्व्हर्टरने किंवा जनरेटरने थेट २३० व्होल्टच्या लाइनवर. ओढा वस्तीपासून ८०० मीटरवर असेल आणि पॅनल शाळेच्या छतावर, तर हेच करावं लागतं. लोड दिवसाचा असेल तरी एसी चांगलं, कारण वीज बॅटरीत जाऊन परत यायची गरज नाही. एसीमध्ये सोलार इन्व्हर्टर आणि बॅटरी इन्व्हर्टर एकमेकांची भाषा समजणारे आहेत ना हे लेखी विचारा, का ते पुढच्या प्रश्नात.

९. बॅटरी फुल आणि ऊन रखरखीत, तेव्हा जास्तीची वीज जाते कुठे?

सोलारचं सोपं आहे, पॅनलकडून घेतलंच नाही तर काही होत नाही, ते नुसतं तापतं. एसी सिस्टीममध्ये बॅटरी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ५१-५२ कडे नेतो, सोलार इन्व्हर्टर ती वाचून उत्पादन कमी करतो, वेगळी केबल लागत नाही. पण ही सोय बंद असलेला इन्व्हर्टर आला तर एक तर तो धडाधड ट्रिप होत राहतो नाहीतर बॅटरी ओव्हरचार्ज होते.

पाणी आणि वारा यांचं तसं नाही. फिरणाऱ्या मशीनचा लोड अचानक काढला तर ती सुसाट सुटते. म्हणून छोट्या टर्बाइनला इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर असतो, वस्तीने कमी घेतली तर उरलेली वीज तो हीटरमध्ये जाळतो. याला डंप लोड म्हणतात. तो पाण्याच्या टाकीत बुडवा, म्हणजे आंघोळीचं पाणी फुकट तापतं. स्कॉटलंडच्या ऐग बेटावर जास्तीच्या विजेने सार्वजनिक इमारती गरम करतात.

१०. डिझेल जनरेटर ठेवायचाच नाही असं ठरवलंय. बरोबर ना?

असेल तर विकू नका. वर्षातले शेवटचे ५-१० टक्के तास बॅटरीने भरून काढायचे तर बॅटरीचा खर्च कितीतरी पट होतो, तिथे जुना जनरेटर स्वस्त पडतो. पण त्याला २०-३० टक्क्यांखालच्या लोडवर तासन् तास घरघरवत ठेवू नका, न जळलेलं डिझेल धुरांड्यात साचतं आणि इंजिन खराब होतं. चालवायचा तर बॅटरी चार्जिंगसकट दाबून चालवा आणि बंद करा.

११. रोज सात वाजता अख्खी वस्ती अंधारात. बॅटरी ७० टक्के दाखवते, मग ट्रिप का?

युनिट आणि किलोवॅट यांची गल्लत. टाकीत पाणी आहे पण नळ लहान आहे. इन्व्हर्टर १० किलोवॅटचा, सातला सगळे दिवे, टीव्ही, दोघांची इस्त्री आणि तेवढ्यात गिरणीवाल्याने बटण दाबलं. मोटर सुरू होताना क्षणभर पाच ते सातपट करंट खेचते. गिरणी आणि पंप दिवसा चालवायचे हा नियम करा, शिवाय मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी लावा.

आणि प्रत्येक घराला मर्यादा पाहिजेच. ऐगवर २००८ पासून स्वतःची हायब्रीड ग्रिड आहे, पाणी, वारा, सोलार आणि मागे दोन डिझेल जनरेटर, तिथे घराला ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० ची कमाल आहे. तुमच्याकडे आकडा ३०० वॅट असेल, पण तो सगळ्यांना सारखा आणि भिंतीवर लिहिलेला असू दे. सरपंचाच्या घराला वेगळा एमसीबी बसला की त्याच आठवड्यात बाकीचे पण बदलले जातात.

१२. शेवटच्या घरात दिवे मंद, फ्रिज चालत नाही. सोर्स वाढवू का?

नाही, वायर बघा. १६ स्क्वेअर मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम वायर, ५०० मीटर, जाऊन-येऊन १ किलोमीटर, म्हणजे १.९ ओहम. १० अँपिअर गेले की १९ व्होल्ट रस्त्यात गेले, २० गेले की ३८, २३० चे राहिले १९२. जाड वायर टाका किंवा थ्री फेज ओढून घरं तीन फेजवर वाटा. नव्याने करत असाल तर पॉवरहाऊस वस्तीच्या मध्यावर घ्या, रस्त्याच्या कडेला ट्रक पोचतो म्हणून नको.

१३. पूर्ण १०० टक्के रिन्युएबलवर वस्ती चालते का कुठे?

चालते, पण आकडा कशाचा आहे ते विचारा. कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर ११.५ मेगावॅट पवनचक्क्या आहेत, जास्तीच्या वाऱ्याने पाणी वरच्या ज्वालामुखीच्या विवरातल्या तलावात चढवतात आणि वारा पडला की ते खाली सोडून वीज काढतात. २०१४ मध्ये सुरू झालं. २०१९ च्या उन्हाळ्यात सलग २४ दिवस बेट डिझेलशिवाय चाललं, बातमी तीच झाली. पूर्ण वर्षाचा हिस्सा मात्र निम्म्याच्या आसपास राहिलाय. मला यात अपयश दिसत नाही, निम्मं डिझेल वाचलं. उलटं उदाहरण अमेरिकन सामोआतलं तआऊ बेट, १.४ मेगावॅट पॅनल आणि ६ मेगावॅट-तासांची बॅटरी, तिथे दुसरा सोर्स न घेता बॅटरीच मोठी घेतली.

१४. बसवणारे निघून गेल्यावर कोण बघणार?

हा प्रश्न शेवटी विचारतात, खरं तर तिसऱ्या प्रश्नाआधी विचारायला पाहिजे. एका ठिकाणी टर्बाइन रोज रात्री दोनच्या सुमारास बंद पडायची, सकाळी आपोआप ठीक. कंपनीने कंट्रोलरचं कार्ड दोनदा बदललं, तिसऱ्यांदा मला बोलावलं, मी पण अर्धा दिवस मीटर लावून बसलो. शेवटी रात्री टॉर्च घेऊन वर गेलो तर इनटेकच्या, म्हणजे पाणी आत घेण्याच्या तोंडावरच्या, जाळीवर पालापाचोळ्याची गादी. पानगळीचे दिवस होते, सकाळी एक मुलगा खराट्याने जाळी झाडायचा म्हणून दिवसभर चालायचं. जाळी तिरकी करून दिली आणि संध्याकाळी पण एकदा झाडायला सांगितलं, कार्ड परत कधी लागलं नाही.

तर, दोन माणसं पाहिजेत, एक नको, कारण एक लग्नाला गेला की सगळं बंद. त्यांना पगार पाहिजे, आणि तो लोकांच्या बिलातून यायला पाहिजे. प्रीपेड मीटर लावले तर वसुलीची भांडणं कमी होतात, ठरावीक मासिक रक्कम ठेवली तर हिशोब सोपा पण हीटर लावणारे निघतात. मी छोट्या वस्तीला मर्यादा अधिक ठरावीक रक्कम, मोठ्याला मीटर सांगतो. बॅटरी बदलायचे पैसे पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात, आणि खात्याला दोन सह्या.

१५. वीज पडून दोनदा इन्व्हर्टर जळला. विमा नाही. काय करू?

उंच मास्ट आणि लांब तारा म्हणजे विजेला आमंत्रण. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका जमिनीत सोडणारं उपकरण) डीसी बाजूला आणि एसी बाजूला दोन्हीकडे पाहिजे, बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला असतो. मास्ट, पॅनलचं स्ट्रक्चर आणि इन्व्हर्टर यांचं अर्थिंग एकमेकांना जाड पट्टीने जोडा, वेगवेगळे खड्डे सुटे ठेवले तर त्यांच्यातल्या फरकानेच इन्व्हर्टर मरतो. खडकाळ जमिनीत एका खड्ड्यावर भागत नाही, जास्त इलेक्ट्रोड टाकून मोजून घ्या.

१६. उद्या मोठी ग्रिड आली तर हे सगळं भंगारात?

पॅनल, टर्बाइन, बॅटरी कामाची राहतात. भंगारात जातात ते वाकडेतिकडे बांबूवर टांगलेले वायर. पहिल्यापासून खांब, अंतर, वायर ग्रिडच्याच नियमाने टाकले तर तीच लाइन पुढे जोडता येते. दोन अटी: सोलार इन्व्हर्टरमध्ये ग्रिड गेल्यावर लाइनमध्ये वीज न सोडण्याची सोय पाहिजे, नाहीतर खांबावरचा वायरमन मरेल. आणि ग्रिडची वीज की आपली हे बदलणारा स्विच असा की दोन्हीकडे एकदम चालू राहूच शकणार नाही. छोट्या हायब्रीड सिस्टीमसाठी आयईसी ६२२५७ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे, कंत्राटात तिचा उल्लेख घाला.

१७. हे सगळं गणित करायला सॉफ्टवेअर आहे का?

होमर म्हणून आहे, अमेरिकेच्या एनआरईएल प्रयोगशाळेत बनलेलं, आता पैसे देऊन मिळतं. सोलारपुरतं पीव्हीवॉट्स फुकट आहे, उन्हाचे जुने आकडे नासा पॉवर या वेबसाइटवर मिळतात. ओढ्याचा आकडा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यासाठी प्रश्न ५ मधला ड्रम.